लिटरभराचं ओआरएस एका पेल्यात कालवलं, तर आतड्यात नेमकं काय होतं?

फर्स्ट इयर, आडगाव

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. आडगावला खोली घेऊन राहते, घर दिंडोरी तालुक्यात, घरची द्राक्षबाग. प्रश्न फिजिऑलॉजीचा आहे, पण तो पुस्तक वाचून पडलेला नाही, म्हणून आधी झालेलं सांगते.

दिवाळीच्या आधी घरी गेले होते. बागेची गोडी छाटणी चालू होती आणि सुरगाण्याकडची मजुरांची टोळी मळ्यातच उतरली होती. त्यातल्या एका बाईचं दीड वर्षाचं पोर सकाळपासून पातळ शी करत होतं. "ताई, तुम्ही डॉक्टरकी शिकता ना, जरा बघा की," म्हणत ती ओट्यावर येऊन बसली. मी गावातल्या मेडिकलमधून ओआरएसचं मोठं पाकीट आणलं. पोर एका वेळी दोन-तीन चमच्यांच्या वर घेत नव्हतं. मला वाटलं, थोडंच पितंय तर निदान दाट तरी पोटात जाऊ दे. अख्खं पाकीट स्टीलच्या एका पेल्यात कालवलं आणि थोडं थोडं करून अर्ध्याच्या वर पाजलं.

दोन तासांत शी आणखी पातळ झाली. पोर किरकिर करायला लागलं, जीभ कोरडी पडली, पाणी दिसलं की भांड्यावर झडप घालायचं. आरोग्य केंद्रात नेलं तर सिस्टरनी पहिला प्रश्न विचारला, "किती पाण्यात कालवलं?" मी सांगितल्यावर त्या क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या. पोर दुसऱ्या दिवशी खेळायला लागलं. मला मात्र ती पेल्याच्या तळाशी बसलेली पांढरी साखर अजून दिसते.

सुट्टीनंतर व्हायवाला विचारलं, ओआरएसमध्ये साखर कशासाठी? मी म्हटलं, ताकद टिकावी म्हणून. सरांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाकडे वळले. खोलीवर येऊन शोषणाचा धडा पुन्हा काढला. एसजीएलटी१ हा आतड्याच्या पेशीवरचा वाहक, म्हणजे पदार्थ आत नेणारं प्रथिन, एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत घेतो, त्यामागून पाणी येतं, एवढं कळलं. पण मग ग्लुकोज जास्त म्हणजे सोडियम जास्त, म्हणजे पाणीही जास्त आत यायला हवं ना? पोराचं उलटं का झालं? आणि कॉलऱ्यात आतड्याचं एवढं बिघडतं, तेव्हा नेमका हाच दरवाजा कसा काय उघडा राहतो?

शरीरक्रियाशास्त्राचा निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

बाळ, तुझा तर्क अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर आहे. दरवाजे, म्हणजे हे वाहक, मोजके असतात, ते तू धरलं नाहीस.

कागद घे आणि गणित मांड. पाकीट एक लिटर पाण्यात कालवलं तर दर लिटरला ग्लुकोज ७५ मिलिमोल, सोडियम ७५, क्लोराइड ६५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. बेरीज २४५ मिलिऑस्मोल, म्हणजे विरघळलेल्या सगळ्या कणांचं माप. आपलं रक्त साधारण २९०. द्रावण रक्तापेक्षा जरा पातळ आहे, म्हणून पाण्याचा ओढा आतड्यातून रक्ताकडे राहतो. २००२ पूर्वीचं सूत्र ३११ चं होतं, ते मुद्दाम खाली आणलं.

आता तुझा पेला. तो २०० मिलिलिटरचा धरू. सगळं पाचपट झालं, म्हणजे १२२५. वाहक एका वेळी जेवढं ग्लुकोज उचलू शकतात तेवढंच उचलणार, उरलेलं पोकळीतच राहणार आणि पाणी धरून ठेवणार. लहान आतड्याचा वरचा भाग पाण्याच्या बाबतीत फार सैल असतो. आत दाट द्रावण आलं की रक्तातलं पाणी तिकडे धावतं आणि ते समपातळीला येईपर्यंत थांबत नाही. पोराला पाणी द्यायला गेलीस आणि त्याच्याच अंगातलं पाणी आतड्यात ओढलं गेलं. शिवाय त्या पेल्यात सोडियम ३७५ होतं, रक्तात असतं १४० च्या आसपास. भांड्यावर झडप घालणं हे त्या वाढत्या सोडियमचं लक्षण असू शकतं. लहान मुलांत ते धोक्याचं, म्हणून सिस्टर बघत राहिल्या.

तरी वाढलेल्या जुलाबांचा सगळा दोष पेल्यावर टाकू नकोस. विषाणूचे जुलाब पहिल्या दिवशी तसेही वाढत जातात.

कॉलऱ्याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं. पटकीचा जंतू आतड्याची भिंत फाडत नाही, तो एक विष सोडतो. हे १९५९ साली कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात दाखवून दिलं. त्या विषाने पेशीतलं जीएस हे निरोप पोचवणारं प्रथिन चालू अवस्थेत अडकतं, सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढत राहतो, क्लोराइडची वाट उघडी पडते, आणि क्लोराइडमागे सोडियम, सोडियममागे पाणी बाहेर. सोडियम क्लोराइड आत घेण्याची नेहमीची वाटही बंद होते. एसजीएलटी१ ला मात्र सायक्लिक एएमपीची बाधा होत नाही. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागमध्ये मांडली, तेव्हा तो निव्वळ पेशीशास्त्राचा विषय होता. अकराच वर्षांनी, १९७१ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. व्हायवाला हे सगळं सांगायची गरज नाही. "साखर सोडियमला आत नेण्यासाठी", इतकं म्हणालीस की सर पुढचा प्रश्न तुलाच विचारतील.

आरोग्यसेविका, पेठ तालुका

ताई, मी पाड्यांवर फिरते म्हणून सांगते. दाट कालवण्याची चूक दर पावसाळ्यात दिसते आणि कारणही तुमचंच असतं, पोर थोडं पितं म्हणून. दुकानात दोन मापांची पाकिटं मिळतात, लिटरभराचं साधारण २१ ग्रॅमचं आणि पेलाभराचं, २०० मिलिलिटरचं, चार ग्रॅमच्या थोडं वर. दिसायला भाऊभाऊच. आधी मागचं वाचायचं, मग फोडायचं.

मोठं पाकीट असेल तर अख्खं एकदम लिटरभर पाण्यातच कालवा. अर्धं आता, अर्धं उद्या असं करू नका, माप चुकतं. कालवलेलं २४ तासांनी ओतून द्या. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करायचं. जोडीला झिंकची गोळी चौदा दिवस, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम. अंगावरचं दूध तोडायचं नाही. डोळे खोल गेले, पोर सुस्त पडलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसली, तर घरी थांबू नका.

पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ हातावर धरून अंदाजाने टाकू नका, चमच्यानेच घ्या.

फर्स्ट इयर, आडगाव

सर, सिस्टर, दोघांचेही मनापासून आभार. १२२५ हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय. सर, अजून एक अडतंय. एसजीएलटी१ एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वापरत नाही असं लिहिलंय, मग ग्लुकोजला चढावर ढकलायची ताकद येते कुठून? आणि आजीला डायबेटिस आहे. तिला जुलाब झाले की ती पाकीट हातात घेऊन म्हणते, यात साखर आहे, मला नको. तिला काय सांगू?

शरीरक्रियाशास्त्राचा निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

ताकद मागच्या दारी खर्च होते. पेशीची रक्ताकडची बाजू बघ. तिथला पंप एक एटीपी जाळून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम दहा-पंधरावरच राहतं आणि आतली बाजू ऋणभारित होते. पुढच्या दाराशी आलेल्या सोडियमला आत घुसायची घाई असते, ग्लुकोज त्याचा हात धरून येतं. मळ्यातली विहीर आठव. मोटारीने पाणी वरच्या टाकीत चढवलं की पुढे नळीतून ते आपोआप उतरतं. वीज मोटारीला लागते, नळीला नाही. पंप बाहेर टाकतो ते सोडियम पेशींमधल्या चिंचोळ्या फटींत साठतं, आणि पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. दिवसाकाठी आपण दोन लिटर पितो, लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून आणखी सात लिटर आतड्यात उतरतं, आणि या नऊ लिटरांतलं शौचातून जातं शे-दोनशे मिलिलिटर. बाकी सगळं हा पंप परत आणतो.

आजींना सांग, लिटरभरात साखर साडेतेरा ग्रॅम, आणि ती औषधाचा भाग आहे. ती काढली तर उरतं नुसतं मिठाचं पाणी, ते जुलाबात नीट शोषलं जात नाही. बाटलीतल्या गोड सरबतात याच्या कित्येक पट साखर असते, ते मात्र जुलाबात देऊ नका. जुलाब चालू असेपर्यंत त्यांची रक्तातली साखर तपासत राहा, आणि डायबेटिसच्या गोळ्या तेवढे दिवस चालू ठेवायच्या की थांबवायच्या, ते त्यांच्या डॉक्टरांना आजच विचार. काही गोळ्या अशा वेळी थांबवाव्या लागतात.

तांदळाची पेज मीठ घालून देत असतील तर उत्तम. पिष्टमय पदार्थाचे रेणू मोठे, म्हणून ऑस्मोलॅरिटी, म्हणजे द्रावणातल्या कणांची दाटी, वाढत नाही, आणि ग्लुकोज सावकाश सुटत जातं.

फर्स्ट इयर, आडगाव

मोटारीचं अगदी बसलं डोक्यात. रविवारी घरी जाऊन आले. आई पाकीट नेहमी तांब्यात कालवते, म्हणून तो मापाने भरून पाहिला. साडेसातशे मिलिलिटर निघाला. आता पाण्याची एक लिटरची बाटली गरम पाण्याने धुऊन औषधांच्या फळीवर ठेवलीय. दुसरी तशीच बाटली आणि चार पाकिटं टोळीकडे देऊन आले. ती बाई मोहाडीच्या एका बागेत कामाला गेली होती, तिच्या सासूने ठेवून घेतली. पोर शेजारीच छाटलेल्या काड्यांचा ढीग विस्कटत बसलं होतं.