अभ्यासकांमुळे संसद बदलते का?

प्रश्न : मृद्गंध, कर्वेनगर

नमस्कार. मी पुण्यात राज्यशास्त्रात एम. ए. करते आहे आणि लघुप्रबंधासाठी संसदेतील स्त्री-पुरुष समानता हा विषय घेतला आहे. मार्गदर्शकांनी परवा विचारले, की कायदे पक्ष करतात आणि रेटा चळवळींचा असतो, तर मग स्त्रीवादी अभ्यासकांचे त्यात नेमके काम कोणते? मला पटण्याजोगे उत्तर देता आले नाही. जाणकारांनी उदाहरणांसह लिहिल्यास आभारी राहीन.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, सदाशिव पेठ

आपण १९७४ पासून सुरुवात करावी. भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयी नेमलेल्या समितीचा अहवाल त्या वर्षी आला. समितीच्या बहुमताने विधिमंडळांतील राखीव जागांना नकार दिला होता. परंतु सदस्य-सचिव वीणा मजुमदार आणि कायद्याच्या अभ्यासक लतिका सरकार यांनी त्याला भिन्नमतपत्रिका, म्हणजे असहमतीची लेखी टिपणी, जोडली. या दोघीही मुळात राखीव जागांच्या बाजूच्या नव्हत्या. समितीच्या कामात जे ऐकले आणि जी आकडेवारी हाती आली, तिने त्यांना आधीची भूमिका सोडायला लावली, आणि मला हेच अभ्यासकाचे खरे काम वाटते. त्या वेळी अल्पमतात राहिलेला तो विचार स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता १९९३ मध्ये ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने अमलात आला. लोकसभा आणि विधानसभांसाठीचे विधेयक प्रथम १९९६ मध्ये मांडले गेले आणि मंजुरीला २०२३ उजाडले. तेव्हाही अंमलबजावणी पुढील जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचना यांच्याशी बांधली गेली. २०२४ मध्ये लोकसभेवर ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. इतक्या वर्षांनंतरचा हा आकडा मला अस्वस्थ करतो.

उत्तर : सुनीता, औंध

सरांच्या म्हणण्यात एक भर घालते. जागा मिळाल्यावर सभागृह कसे चालते, हेही अभ्यासकांनी तपासले. डॅनिश अभ्यासक द्रूद दालेरूप यांनी १९८८ मध्येच मांडले होते, की केवळ संख्या अमुक टक्क्यांवर गेली म्हणून बदल आपोआप घडत नाही, तर प्रत्यक्ष कृती काय होतात ते पाहावे लागते. ब्रिटनमध्ये सारा चाइल्ड्स यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये राहून कामकाज न्याहाळले आणि २०१६ मध्ये ४३ शिफारशींचा अहवाल दिला. सदस्यांच्या बाळंतपणाच्या आणि पालकत्वाच्या रजेचा विचार त्यात होता. जानेवारी २०१९ मध्ये नवमाता-पित्यांना दुसऱ्या सदस्याकरवी मत नोंदवण्याची प्रायोगिक सोय तिथे सुरू झाली.

आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला कुशीत घेऊन आल्या, आणि विधानभवनात हिरकणी कक्ष का नाही, हा प्रश्न तेव्हा सर्वांसमोर आला. ती अडचण एका आईची म्हणून सोडून न देता नियमांतील उणीव म्हणून नोंदवणे, हेच अभ्यासकाने करायचे.

उत्तर : मुळशीकर

मी पंचायतींच्या अभ्यासासाठी गावोगाव फिरतो. एका गावी ग्रामसभेत सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसलेले पाहिले. सभा संपल्यावर शिपाई इतिवृत्ताची वही घेऊन घरी गेला. बाईंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि दाखवलेल्या जागी सही केली. महाराष्ट्रात २०११ पासून ५० टक्के जागा राखीव आहेत, पण त्या सहीमागची गोष्ट टक्केवारीत उतरत नाही. म्हणून मृद्गंध, माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे, की संसदेविषयी लिहितानाही, ज्या बाई सभेत बोलल्या नाहीत त्यांच्यापाशी बसून त्यांचे ऐकावे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या अनुभवाला ज्ञानाचा दर्जा देण्याचा आग्रह धरला, तो इथे फार उपयोगी पडेल; कारण ‘स्त्रिया’ म्हणून एकच आकडा मांडला, की त्यातल्या कोणत्या स्त्रिया आत पोहोचल्या, हे विचारायचे राहूनच जाते.

मृद्गंध

तिघांचेही मनापासून आभार. १९७४ ची भिन्नमतपत्रिका या आठवड्यात मुळातून वाचते. मुळशीकर, आपल्यासोबत एखाद्या ग्रामसभेला येता येईल का?