चेहरा नसलेले प्रोफाइल आणि अंतराचा आकडा
समलिंगी डेटिंग अ‍ॅपवर ज्याच्या प्रोफाइलवर चेहरा नाही तो माणूस खोटाच समजावा, हे मत मला पटत नाही. घरी अजून काहीच न सांगितलेल्या समलिंगी व्यक्तीला चेहरा झाकणे भागच असते, आणि खात्रीच करायची तर भेटीआधी दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल पुरतो. खरा धोका प्रोफाइलवर दिसणाऱ्या ‘४०० मीटर अंतरावर’ या साध्यासुध्या ओळीत आहे, कारण तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून हे अंतर पाहून नकाशावर तीन वर्तुळे काढली की ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे तुमचा ठावठिकाणा सापडतो. २००९ साली सुरू झालेल्या ग्राइंडर या अशाच अ‍ॅपबाबत संशोधकांनी हे करूनही दाखवले होते. तिथे अंतर लपवण्याची सोय आहे. मी ती पहिल्याच दिवशी वापरली (चेहरा मात्र वर्षभराने लावला).