मदत हवी आहे: मासेमारीचं एकच रीळ, दोन नावं. गिअर एकमेकांना चालतील का?

गरी_घेऊन
लवकर उत्तर हवंय. माझ्या रिळाचा गिअर गेलाय. हँडल फिरवलं की खरखर, आणि मासा ओढायला लागला की दात सटकतात. कंपनी म्हणते मॉडेल बंद झालं, सुटे भाग मिळणार नाहीत. पण हेच रीळ, रंग सोडला तर तसूभर फरक नाही, दुसऱ्या नावाने अजून विकलं जातंय आणि त्यांच्याकडे गिअर आहेत. बेलचा (लाइन स्पूलवर गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीचा) आकार तोच, मूठ तीच, बाजूच्या झाकणाचे स्क्रूसुद्धा त्याच जागी. ते गिअर याला बसतील का? हो की नाही एवढंच सांगा.

आणि एक. माझ्या खोक्यावर होतं १३+१ बेअरिंग, पूर्ण धातूची बॉडी, २० किलो ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन सुटू देणारा ब्रेक). दुसऱ्याच्या खोक्यावर ९+१ आणि १२ किलो. वस्तू एकच, मग आकडे दोन कसे? ही सरळ फसवणूक नाही का?

स्पॅनर
कुठलं रीळ? स्पिनिंग (लाइनचं स्पूल स्थिर राहतं) की बेटकास्टिंग (स्पूलच फिरतं)? साइज? रेशो (हँडलच्या एका फेरीला, बेल बसवलेला रोटर किती वेळा फिरतो)? खाऱ्या पाण्यात वापरता का? उघडून बघितलंत का? यातलं काहीच न सांगता हो की नाही कसं सांगणार?

गरी_घेऊन
बेल म्हटलं म्हणजे स्पिनिंगच ना. साइज ४०००. समुद्रावर, खडकावरून. उघडलेलं नाही.

खारा_वारा
अहो, कशाला गिअरच्या मागे लागताय? फेकून द्या. अशी स्टिकर बदललेली रिळं घ्यायचीच नाहीत. नामांकित कंपनीचं एकच घ्यावं, दहा वर्षं बघायला नको.

जुनी_काठी
खारा_वारा, नाव बदलून विकणं म्हणजे लबाडी, असं सरसकट नका म्हणू. १९७०च्या दशकात अमेरिकेत झेबको कार्डिनल नावाने जी रिळं खपली ती स्वीडनमध्ये आबू कंपनीने बनवलेली होती. जुन्या रिळांचे शौकीन आजही ती शोधत फिरतात. एक कारखाना बनवतो, चार जण आपापलं नाव घालतात, हा धंदा जुना आहे. वाईट काय, तर त्याच मालावर खोटे आकडे छापणं.

खारा_वारा
आबूचं आणि आजच्या मालाचं काय घेऊन बसलात. तेव्हा कार्डिनलमध्ये वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा) असायचा, तो झिजवून दाखवा!

स्पॅनर
मुद्द्यावर येऊया. बाहेरून तंतोतंत सारखं असलं तरी आत सारखं असेलच असं नाही. नाव घालणारा कारखान्याला सांगतो की या जागी बेअरिंग नको, प्लॅस्टिकचं बुश घाला. मुख्य गिअर जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव चालेल. साचा तोच, आतला माल वेगळा. म्हणून १३ आणि ९ हे दोन्ही आकडे खरेही असू शकतात. शंका असेल तर सुट्या भागांचा नकाशा मागा आणि बेअरिंग एकेक करून मोजा. '+१' म्हणजे बहुधा हँडल उलटं फिरू न देणारं रोलर क्लच, ते भार पेलणारं बॉल बेअरिंग नव्हे. शिवाय १३ असली तरी सगळी कामाची नसतात. मुख्य गिअरच्या दोन बाजू, पिनियन (मुख्य गिअरने फिरणारा छोटा गिअर) आणि लाइन रोलर (बेलवरचं लाइन सरकणारं छोटं चाक) इथली चांगली असली की रीळ छान चालतं. हँडलच्या मुठीत चार घालून आकडा फुगवणं सोपं.

पाणबुडी
बॉडी धातूची आहे का ते चुंबक लावून बघा. दोन मिनिटांचं काम.

स्पॅनर
चुंबकाने काही कळणार नाही. ग्रॅफाइट मिसळलेल्या प्लॅस्टिकला तो चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही नाही. पितळ, जस्त, तेच. बेअरिंगला चिकटेल, पण ४४०सी स्टेनलेसलाही चिकटतो आणि साध्या क्रोम स्टीललाही, मग गंजणारं कुठलं ते कसं ओळखणार? झाकणाची आतली कड बघा, तिथे रंग पातळ असतो. नखाने खरवडल्यावर काळं मऊ लागलं तर ग्रॅफाइट.

पाणबुडी
बरं, चुंबकाचं मान्य. पण २० किलो ड्रॅग नुसता लिहिलेला आहे की मोजलेला? माझ्या मते हाच सगळ्यात मोठा खोटेपणा.

जुनी_काठी
खोटा नसला तरी निरुपयोगी आहे. ड्रॅगची पकड स्पूलच्या आसावर असते. लाइन संपत आली, गुंडाळीचा व्यास निम्मा झाला, की त्याच सेटिंगला दोरीवरचा ताण दुप्पट होतो. मग कंपनीने भरलेल्या स्पूलवर मोजलं की रिकाम्या? खोक्यावर कुठे लिहिलंय? आणि ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत ठेवतात. ३० पौंडाची ब्रेड (विणलेली लाइन) म्हणजे साधारण साडेतेरा किलो, तर ड्रॅग फार तर साडेचार किलो. २० किलोचं करायचं काय? एवढ्या ताणाला दोरी तरी तुटेल नाहीतर काठी. ताणकाट्याला लाइन बांधून हळूहळू ओढा. काटा एका जागी थरथरत राहिला तर ड्रॅग चांगला. आधी अडकून मग एकदम सुटला तर वॉशर खराब, मग खोक्यावर २० असो की ४०.

खडकावरची
साइजच्या आकड्याचंही तेच. ४००० म्हणजे अमुक असं सगळ्यांना बांधणारं माप नाही. दाइवा कंपनीनेच २०१८मध्ये एलटी (लाइट अँड टफ) ही रिळं आणली तेव्हा त्यांचं ४००० हे आधीच्या ३०००च्या जवळचं झालं. त्यामुळे दोन कंपन्यांची ४००० एकसारखी समजून भाग मागवू नका.

सागरवेडा
मी तर म्हणेन स्पिनिंगच नको. कन्व्हेन्शनल (आडव्या फिरत्या स्पूलचं) घ्या, खडकावर मोठा मासा लागला तर तेच टिकतं. आणि वॉटरप्रूफ लिहिलेलं घ्या.

खडकावरची
त्यांनी नवीन रीळ विचारलेलंच नाही हो. आणि वॉटरप्रूफ या शब्दावर तर मुळीच जाऊ नका. आयपीएक्स५, ६ हे पाण्याच्या झोताचे दर्जे आहेत, बुडवण्याचे नाहीत. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल, तीस मिनिटं. ६ लिहिलं म्हणून ७ची चाचणी झालीच असं नसतं, आणि या चाचणीत खारं पाणी आणि वाळू धरलेली नाही. लाट अंगावर घेणाऱ्याला हा फरक ठाऊक हवा.

सागरवेडा
मग धुवायचं कसं? मी तर जोरात फवारा मारतो.

खडकावरची
जोरात नको, मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग आवळा, हलक्या धारेखाली धरा, पुसा, मग ड्रॅग सैल करून ठेवा म्हणजे वॉशर दबून राहत नाहीत.

गरी_घेऊन
धुण्याचं नंतर बघू. माझं गिअर बसेल का ते कोणी सांगाल का?

स्पॅनर
तुमच्या खोक्यावर रेशो काय होता? त्या दुसऱ्यांकडे कुठल्या रेशोचे गिअर मिळतात? आता मोजा. रोटरवर खडूने खूण करा, हँडलच्या बरोबर दहा फेऱ्या मारा, रोटर किती वेळा फिरला ते लिहा. ५.२:१ असेल तर ५२ यायला हवेत. दात सटकत असतील तर बेल बंद ठेवून, लाइनवर अजिबात ताण न देता हळू फिरवा.

गरी_घेऊन
खोक्यावर ५.२:१. दुसऱ्यांकडे ४.९ आणि ६.२ असे दोन आहेत. मोजले. दोनदा मोजले. ४९ आले, ५२ नाही!

जुनी_काठी
म्हणजे रेशोही फुगवलेला. बेअरिंगचा आकडा दोन प्रकारे लावता येतो, रेशो नाही. दात मोजले की संपलं. ही तक्रार लेखी करा, खोक्याचा आणि मोजणीचा व्हिडिओ जोडा.

स्पॅनर
तक्रार करालच, पण तुमच्यासाठी ही चांगली बातमी. ४.९वाला बसण्याची शक्यता मोठी. आता झाकण काढा, दात मोजा. मुख्य गिअरवर ४४ आणि पिनियनवर ९ निघाले तर ४.८९, जुळलं. फक्त मुख्य गिअर मागवू नका, पिनियनही घ्या. झिजलेल्या पिनियनवर नवा गिअर ठेवला तर तोही खराब होईल. बेअरिंग त्यांच्याकडून घ्यायची गरज नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी मोजा, ७×११×३ सारखं माप आलं की ते कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतं. आणि गिअरच्या दांड्याचं भोक चौकोनी, षटकोनी की आट्यांचं, हे दोन्हीकडे एकच आहे का बघा. इथेच गाडी अडकते.

गरी_घेऊन
उघडलं. ४४ आणि ९. भोक चौकोनी. गिअर करडा आहे, पितळेसारखा पिवळा नाही, आणि खोक्यावर पितळ लिहिलंय! त्यांच्या नकाशातही भोक चौकोनी दाखवलंय. दोन्ही मागवतो.

खारा_वारा
बघा, मी म्हणत होतो, फेकून द्या.

स्पॅनर
फेकू नका. आणि ऑर्डर देण्याआधी त्या चौकोनाची बाजू कॅलिपरने मोजून त्यांना माप विचारा, नकाशात आकार दिसतो, माप नाही.