कोलिसियस + फेझर: बाकीचे खेळाडू गचके खातात

खटपट्या:
ऑनलाइन खेळ बनवतोय: सर्व्हरवर कोलिसियस 0.16 (सगळ्या खेळाडूंची स्थिती जुळती ठेवणारं फ्रेमवर्क), ब्राउझरमध्ये फेझर 3 (खेळ पडद्यावर काढणारी लायब्ररी), चार जणांची रूम. पॅचरेट (सर्व्हर बदलांचं पॅकेट, म्हणजे पॅच, किती वेळाने पाठवतो ते) मुळातला, म्हणजे 50 मिलिसेकंद. बाकीच्या खेळाडूंना दर फ्रेमला 0.2 च्या लर्पने (उरलेल्या अंतराच्या 20 टक्के सरकवून) सर्व्हरने सांगितलेल्या जागेकडे ओढतो. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर (सेकंदाला 60 फ्रेम) बरं दिसतं, 144 वर गचके. स्वतःचा खेळाडू की दाबल्यावर उशिरा हलतो. पॅचरेट 16 करू का? आणि मोबाइल वायफायवरून डेटावर गेला की खेळाडू रूममधून उडतो, त्याचं काय?

बिनतारी:
पॅचरेटला हात लावू नका. पॅकेटं तिप्पट होतील, दुखणं तिथेच राहील. दुखणं लर्पमध्ये आहे. हिशेब करून पाहा: 60 हर्ट्झवर दोन पॅचच्या मध्ये तीन फ्रेम येतात, 49 टक्के अंतर कापलं जातं. 144 वर सात फ्रेम, 79 टक्के. म्हणजे खेळाडू आधी सुसाट धावतो, पुढचा पॅच येईपर्यंत रेंगाळतो. तोच गचका.

लर्पने ओढणं सोडा. मूळ स्टेटमध्ये (सर्व्हर सगळ्यांना पाठवतो त्या खेळाच्या स्थितीत) टिक नंबर, म्हणजे सर्व्हरच्या पावलांचा मोजणी-आकडा, ठेवा आणि ऑनस्टेटचेंजमध्ये (पॅच आला की क्लायंटवर चालणारं फंक्शन) सगळ्यांच्या जागा त्या टिकसकट अ‍ॅरेत भरा. चित्र 100 मिलिसेकंद मागचं काढा: त्या क्षणाच्या अलीकडची-पलीकडची नोंद घेऊन मधली जागा काढायची. पॅकेट पोचल्याची वेळ धरू नका, नेटवर्कची थरथर तशीच पडद्यावर उतरेल. टिक सतत बदलत असल्यामुळे सगळे उभे असले तरी पॅच येत राहतो. नाहीतर थांबलेला खेळाडू पुन्हा चालताना पहिल्याच पावलाला टुणकन उडी मारतो.

रात्रपाळी:
स्वतःच्या खेळाडूला या बफरमधून (साठवलेल्या मागच्या जागांमधून) नेऊ नका. इनपुटला क्रमांक द्या, लगेच स्वतःकडे लागू करा आणि पाठवा. सर्व्हरने ऑनमेसेजमध्येच (मेसेज येताच चालणारं फंक्शन) खेळाडूला हलवायचं नाही, इनपुट रांगेत टाकायचा. नाहीतर जो जास्त मेसेज पाठवेल तो जास्त पळेल. सिम्युलेशन इंटरव्हलचा (सर्व्हरवर खेळ पुढे नेणारं, ठरावीक वेळाने चालणारं फंक्शन) डेल्टा, म्हणजे दोन फेऱ्यांमधला वेळ, नेमका नसतो, म्हणून तो साठवत 16.67 मिलिसेकंदांच्या दर पावलाला प्रत्येकाच्या रांगेतला एकच इनपुट काढा. शेवटचा वापरलेला क्रमांक स्टेटमध्ये परत येऊ द्या. क्लायंटने तिथपर्यंतचे इनपुट फेकायचे, सर्व्हरची जागा घ्यायची, उरलेले पुन्हा चालवायचे. हालचालीचं गणित दोन्हीकडे एकाच फाइलमधून घ्या.

रूममधून उडण्याचं: ऑनलीव्हमध्ये (खेळाडू गेल्यावर सर्व्हरवर चालणारं फंक्शन) कन्सेंटेड खोटं असेल, म्हणजे तो स्वतःहून गेला नसेल, तर अलाउरिकनेक्शनला (परत जोडायची मुभा देणारं फंक्शन) 20 सेकंद द्या, ते फसल्यावरच खेळाडू पुसा. क्लायंटवर रिकनेक्शन टोकन (परत जोडताना दाखवायची खूण) जपून ठेवा. पुन्हा जोडल्यावर रूमचं नवं ऑब्जेक्ट हाती येतं, त्यावर कॉलबॅक (ऑनस्टेटचेंजसारखी फंक्शनं) परत लावावे लागतात. टोकनही नवं साठवा. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

खटपट्या:
टिकला यूइंट16 (0 ते 65535 पर्यंतचा पूर्णांक) पुरेल ना?

बिनतारी:
नाही. सेकंदाला 60 टिक धरले तर 18 मिनिटांत भरून शून्यावर येतो. यूइंट32 घ्या.