'उत्तेजक चाचणीत दोषी' हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?

प्रश्न
क्रीडापानावर 'अमुक खेळाडू उत्तेजक चाचणीत दोषी' असा मथळा नेहमी दिसतो. डोपिंगच्या सगळ्या प्रकारांना 'उत्तेजक' म्हणता येतं का? आणि चाचणीतच 'दोषी' कसं ठरतं? त्यासाठी सुनावणी लागते ना?

प्रतिसाद
'उत्तेजक' आता रुळला आहे. वाचकाला अर्थ लगेच कळतो, त्यामुळे माझी हरकत नाही. 'दोषी' मात्र खटकतो.

प्रतिसाद
माझी दोन्हींना हरकत आहे.

'वाडा' या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी-यादीत उत्तेजकं हा अनेक गटांपैकी फक्त एक गट. स्टिरॉइड्स, संप्रेरकं, दुसऱ्या औषधाचा माग पुसण्यासाठी घेतलेली लघवी वाढवणारी औषधं, असं बरंच काही त्यात आहे. क्रिकेटपटू पृथ्वी शॉचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटलिन सापडलं. ते श्वासनलिका मोकळी करणारं, खोकल्याच्या औषधात असणारं द्रव्य. त्या बातम्या वाचून घरोघरी समज झाला तो पोरानं ताकदीसाठी काहीतरी टोचून घेतल्याचा. 'बंदी असलेलं द्रव्य' असं सरळ लिहिलं तर काय बिघडतं?

त्या प्रकरणात खरी चर्चा व्हायला हवी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. नमुना घेतला क्रिकेट मंडळानं, शिक्षाही मंडळानंच दिली. जुलैअखेर जाहीर झालेली आठ महिन्यांची बंदी १६ मार्चपासून मोजली गेली, आणि त्या मुदतीत तो आयपीएल खेळूनही झाला होता. पुढच्याच महिन्यात क्रिकेट मंडळ 'नाडा' या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या कक्षेत आलं. इतर खेळांतले खेळाडू कितीतरी आधीपासून त्या कक्षेत होते.

आता 'दोषी'. इथे तीन वेगळे टप्पे आहेत. नमुन्यात द्रव्य सापडणं हा पहिला. दुसरा नियमभंग: द्रव्य शरीरात कसंही गेलेलं असो, त्याची जबाबदारी खेळाडूचीच. तिसरा टप्पा म्हणजे त्यात त्याची कसूर किती, हयगय किती. शिक्षा ठरते ती मुख्यतः या तिसऱ्यावर. आपला 'दोषी' हा शब्द पहिल्याच दिवशी तिन्ही टप्पे उरकून टाकतो.

टेनिसपटू यानिक सिनर घ्या. मार्च २०२४ मध्ये त्याच्या दोन नमुन्यांत क्लोस्टेबॉल हे स्टिरॉइड सापडलं. प्रमाण मिलीलिटरमागे एक अब्जांश ग्रॅमहूनही कमी. फिजिओनं स्वतःच्या कापलेल्या बोटाला हे द्रव्य असलेला स्प्रे मारला होता आणि त्याच हातांनी सिनरचं मालिश केलं, हा खुलासा लवादानं मान्य केला. नियमभंग झाला, म्हणून इंडियन वेल्स स्पर्धेचे गुण आणि बक्षिसाची रक्कम गेली. पण कसूर शून्य, म्हणून बंदी नाही. पुढे 'वाडा'नं अपील केलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन महिन्यांच्या बंदीवर तडजोड झाली. याला आपण 'निर्दोष' म्हणायचं की 'दोषी'? दोन्ही शब्द चुकतात.

आणि टेनिसपटू सिमोना हालेप? ऑक्टोबर २०२२ पासून हंगामी निलंबन, वर्षभरानं चार वर्षांची बंदी, मार्च २०२४ मध्ये क्रीडा लवादानं ती नऊ महिन्यांवर आणली. नऊ महिन्यांच्या शिक्षेसाठी ती जवळपास दीड वर्ष कोर्टाबाहेर राहिली. ज्याच्याकडे तज्ज्ञ आणि वकील तयार असतात, त्याचा खुलासा काही दिवसांत दाखल होतो. ज्याच्याकडे नसतात, त्याची कारकीर्द सुनावणीची वाट पाहण्यातच सरते. हा अन्याय मला बंदीपेक्षाही मोठा वाटतो.

प्रतिसाद
मग नरसिंग यादवचं काय? तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल. आपल्याकडे आधी 'दोषी' छापलं, मग 'क्लीन चिट', मग पुन्हा 'दोषी'.

प्रतिसाद
हे उदाहरण चांगलं आठवलंत. जून २०१६ मध्ये त्याच्या नमुन्यात मेथेंडिनोन हे स्टिरॉइड सापडलं. कुणीतरी आपल्या खाण्यापिण्यात ते मिसळलं, असं त्यानं सांगितलं. 'नाडा'च्या समितीनं १ ऑगस्टला ते मान्य केलं. 'वाडा'नं अपील केलं आणि १८ ऑगस्टला, रिओ ऑलिंपिकमधल्या त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. द्रव्याचं प्रमाण पाहता ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीतून नव्हे, तर गोळीतून गेलं असावं, हे तज्ज्ञाचं मत तिथे निर्णायक ठरलं.

तो निर्णय मला पटतो. पण १ ऑगस्टला 'क्लीन चिट' लिहिणं घाईचं होतं, कारण अपिलाची मुदत बाकी होती. 'राष्ट्रीय समितीकडून दिलासा' असं लिहिता आलं असतं.

प्रतिसाद
मथळ्यात इतके बारकावे मावत नाहीत हो. उपसंपादकाला चार शब्द मिळतात.

प्रतिसाद
चार शब्दांतही होतं. 'नमुन्यात स्टिरॉइड, हंगामी निलंबन' हे चारच शब्द आहेत.

मल्ल बजरंग पुनियाच्या वेळी तर अडचण उघडच झाली. मार्च २०२४ मध्ये सोनीपतच्या निवड चाचणीत त्यानं नमुना दिला नाही. 'नाडा'नं पूर्वी नमुना घेण्यासाठी मुदत संपलेले किट पाठवले होते, त्याचा खुलासा आधी द्या, असं त्याचं म्हणणं. कुस्ती महासंघाविरुद्धच्या आंदोलनाचा सूड असल्याचा आरोपही त्यानं केला. नोव्हेंबरमध्ये चार वर्षांची बंदी आली. नमुना नाकारणं हा स्वतंत्र नियमभंग आहे आणि तो नियम हवाच, नाहीतर प्रत्येक जण नकार देऊन सुटेल. पण इथे द्रव्य सापडलेलंच नाही. अशा बातमीत 'उत्तेजक' हा शब्द यायचं कारणच नाही. 'नमुना न दिल्याने बंदी' इतकं लिहावं, आणि किटबद्दल त्यानं विचारलेला प्रश्न पहिल्या परिच्छेदात छापावा.