परत येतो तो खालचा टप्पा
'रॉकेट वापरून फेकायचे दिवस संपले' असं हल्ली म्हणतात, ते अर्धंच खरं. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा खालचा टप्पा, म्हणजे आधी पेटून सुटा होणारा भाग, तेवढा परत उतरतो (पहिल्यांदा डिसेंबर २०१५, तो व्हिडिओ मीही दहादा पाहिलाय). वरचा टप्पा दर उड्डाणाला नवाच लागतो.

वरचे टप्पे कसे संपतात ते आम्ही जळगावकरांनी बघितलंय. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. गच्चीवर बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) खाट आवरत होतो, तर आभाळात जळते गोळे, एकामागोमाग, सावकाश. शेजारच्या काकू ओरडल्या, "व माय, इमान पेटनं!" (विमान पेटलं). नंतर तज्ज्ञांनी सांगितलं, चिनी रॉकेट चांग झेंग ३बीचा तिसरा टप्पा असावा. त्याच रात्री चंद्रपुरात सिंदेवाही तालुक्यात धातूची भलीमोठी कडी पडली. स्पेसएक्सच्याच नव्या रॉकेटचा, स्टारशिपचा, वरचा भाग आख्खा परत यायला लागला की पेढे माझ्याकडून.