'पोलीस क्वेस्ट' पुन्हा खेळताना : तुमचे अनुभव लिहा

सिएरा ऑन-लाइन या कॅलिफोर्नियातील कंपनीने १९८७ साली 'पोलीस क्वेस्ट : इन परस्यूट ऑफ द डेथ एंजल' हा साहसखेळ बाजारात आणला. त्या काळातील अनेक साहसखेळ राजेराण्यांचे, जादूचे किंवा अंतराळप्रवासाचे असत. या खेळाचा नायक मात्र लिटन नावाच्या काल्पनिक गावात गस्त घालणारा सनी बाँड्स हा साधा पोलीस होता. खेळाची रचना करणारे जिम वॉल्स यांनी स्वतः कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल या महामार्ग पोलीस दलात नोकरी केली होती, आणि खेळाच्या प्रत्येक प्रसंगात ते जाणवते. पुढे १९८८ मध्ये 'द व्हेंजन्स', १९९१ मध्ये 'द किंड्रेड' आणि १९९३ मध्ये 'ओपन सीझन' असे भाग आले.

यातले कोडे सहसा एखाद्या लपवलेल्या वस्तूचे नसते. कामाची ठरलेली पद्धत हेच या खेळांतले कोडे आहे, आणि ती पद्धत मोडली की खेळ तिथेच संपतो. लहानपणी अनेकांना हा जाच वाटला असेल. अलीकडे ज्यांनी हे खेळ पुन्हा खेळून पाहिले आहेत, त्यांना ती पद्धत आज कशी वाटते, हे मला जाणून घ्यायचे आहे. कृपया सविस्तर लिहावे.

पुण्याहून, एक संगणक अभियंता

आमच्या संगणकाच्या क्लासमध्ये काळ्या पडद्यावर पिवळसर अक्षरे दिसणारा मॉनिटर होता. या खेळात सोळा रंग आहेत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. फ्लॉपी हातोहात फिरत असे, पण तिच्याबरोबरची छापील पुस्तिका कोणाकडेच नव्हती, आणि ती नसल्यामुळे आमचे फार अडत असे. कलमांचे क्रमांक, वायरलेसवरचे संकेत आणि अटक करण्याची पद्धत हे सगळे त्या पुस्तिकेत दिलेले होते. पकडलेल्या माणसाला कोठडीत देताना कोणत्या कलमाखाली आणले, हे खेळ विचारतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचे कलम २३१५२ आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यातही त्या गुन्ह्याचे कलम हेच आहे.

पुन्हा खेळताना मी सर्वांत जास्त रेंगाळलो तो प्रसंग अगदी सुरुवातीचा आहे. सकाळची ब्रीफिंग संपते, सनी चावी घेऊन आवारातल्या गाडीपाशी येतो. दार उघडून थेट आत बसले, तर गाडी निघते खरी, पण थोड्याच अंतरावर टायर दगा देतो आणि खेळ संपतो. गाडीभोवती आधी एक पूर्ण फेरी मारून ती तपासायची असते. अशी फेरी मारा, हे पडद्यावर कोणीही सांगत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी आम्हाला हा शुद्ध अन्याय वाटत असे. आता माझे काम बँकांच्या प्रणाली चालू करण्यापूर्वी त्या तपासण्याचे आहे, आणि जिथे काहीच बिघडलेले दिसत नाही तिथेही यादीप्रमाणे प्रत्येक गोष्ट पाहावीच लागते, हे मला रोज पटते. वॉल्स यांनी ही सवय एका फेरीत पकडली आहे, आणि हे मला त्यांच्या रचनेतले सर्वांत मोठे यश वाटते.

नाशिकहून, एक निवृत्त पोलीस निरीक्षक

मी हा खेळ लहानपणी खेळलो नाही. मुलाने जुना संच विकत घेऊन माझ्या संगणकावर बसवून दिला, म्हणून निवृत्तीनंतर पहिला आणि दुसरा भाग सावकाश खेळलो. मुलाला मी टीका करीन असे वाटले होते, परंतु मला खेळ आवडला.

कोठडीच्या दाराबाहेर एक छोटे कपाट आहे. आरोपीला आत नेण्यापूर्वी सनीने आपले पिस्तूल त्या कपाटात ठेवायचे असते. ते विसरले तर आरोपी पिस्तूल हिसकावतो आणि पुढे काय होते ते सांगायला नको. हत्यार घेऊन लॉकअपजवळ जायचे नाही, हे आम्हालाही पहिल्याच दिवसापासून शिकवले जात असे. बेड्या आधी, झडती नंतर, हा क्रमही खेळात पक्का आहे.

पण इथे आपल्याकडचा फरक सांगायला हवा. प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले, की सरसकट बेड्या घालता येणार नाहीत, आणि घालायच्या असतील तर त्याचे कारण नोंदवले पाहिजे. अटकेच्या वेळी आरोपीला त्याचे हक्क वाचून दाखवण्याची अमेरिकी पद्धत १९६६ च्या मिरांडा निकालातून आली. आपल्याकडे अटकेची कारणे सांगणे संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार बंधनकारक आहे, आणि १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा पंचनामा कसा करावा, नातेवाइकांना कधी कळवावे, हे सविस्तर घालून दिले. त्यामुळे हा खेळ आपल्या पोलीस ठाण्यात घडला असता, तर त्यातली अर्धी कोडी कागदपत्रांची झाली असती. हे मी कौतुकाने लिहितो आहे, कारण मुद्देमालाचा एक कागद चुकला तर न्यायालयात चांगली केस पडते, हे मी पाहिलेले आहे.

दुसऱ्या भागात सनी गुन्हे शाखेत असतो. ठसे उचलणे, पायाच्या खुणेचा प्लास्टरचा साचा घेणे, पिशवीत पुरावा ठेवून तो ठाण्यात जमा करणे, हे सगळे खेळणाऱ्याने स्वतः करायचे असते. साक्षीला पंच नाहीत, हे मात्र मला शेवटपर्यंत चुकल्यासारखे वाटत राहिले.

कोल्हापूरहून, एक इंग्रजीच्या शिक्षिका

पहिल्या दोन भागांत माउसने काम होत नाही, आज्ञा इंग्रजीत टंकित करावी लागते. 'ओपन लॉकर' किंवा 'सर्च मॅन' असे दोन शब्द लिहिले की सनी ते काम करतो, आणि शब्द चुकला की तो समजले नाही म्हणून सांगतो. माझे इंग्रजीचे क्रियापदांवरचे प्रभुत्व शाळेपेक्षा या खेळाने जास्त घडवले, असे मी आजही मानते. १९९२ साली पहिल्या भागाची नव्या चित्रांची, माउसवर चालणारी आवृत्ती निघाली. ती सुंदर आहे, परंतु नेमका शब्द शोधण्याचा आनंद तिच्यात उरलेला नाही.

कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नोहून

आमच्या गावातून ४१ क्रमांकाचा रस्ता योसेमिटीकडे जातो आणि वाटेत ओकहर्स्ट लागते. सिएरा कंपनी तिथलीच. डोंगरउतारावरचे ते लहान गाव पाहिले, की लिटनचा आखडलेला नकाशा, मोजके चौक आणि एकमेकांना ओळखणारी माणसे कुठून आली असतील, याचा अंदाज येतो. पहिल्या तीन भागांत पोलीस हा त्याच गावाचा माणूस आहे. कॉफीच्या दुकानात त्याला नावाने हाक मारतात.

चौथा भाग मी अलीकडे पुन्हा खेळलो आणि त्याविषयी मला इथे स्पष्ट लिहायचे आहे. 'ओपन सीझन'वर डॅरिल गेट्स यांचे नाव आहे. १९७८ ते १९९२ ते लॉस एंजेलिस पोलिसांचे प्रमुख होते. मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंग यांना पोलिसांनी केलेली मारहाण चित्रफितीवर जगाने पाहिली, एप्रिल १९९२ मध्ये त्या पोलिसांची खटल्यातून सुटका झाल्यावर शहर पेटले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गेट्स पायउतार झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचा खेळ दुकानात आला, आणि त्याची सुरुवात लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागातल्या एका गल्लीत सापडलेल्या पोलिसाच्या मृतदेहाने होते.

खऱ्या छायाचित्रांवरून केलेली दृश्ये आहेत, अभिनेते आहेत, तपासाची पद्धतही चोख आहे. सनीच्या जागी जॉन कॅरी हा तपास अधिकारी आहे आणि त्याच्या वहीत प्रत्येक नोंद नीट होते. असे असूनही त्या गल्लीत राहणारी माणसे मला खेळात जवळजवळ भेटली नाहीत. ती संशयित म्हणून, साक्षीदार म्हणून किंवा पार्श्वभूमी म्हणून येतात. लिटनमध्ये नियम पाळणारा पोलीस गावाला उत्तर देत होता. इथे तो फक्त आपल्या खात्याला उत्तर देतो. पद्धत तीच, पण ती कोणासाठी पाळायची हा प्रश्न या भागात विचारलाच जात नाही, आणि ज्या शहरात वर्षभरापूर्वीच तो रस्त्यावर विचारला गेला होता तिथली ही कथा असल्यामुळे मला ते फार खटकले. त्यानंतर मालिका 'स्वॅट' या नावाने सशस्त्र पथकाच्या खेळांकडे वळली. १९९९ चा 'स्वॅट ३' उत्तम आहे, कारण त्यात शरण येणाऱ्याला जिवंत ताब्यात घेणे हे गोळी घालण्यापेक्षा मोठे यश मानले जाते.

नाशिककरांना, धागाकर्त्याकडून

पंचांविषयी आपण लिहिले, ते माझ्या कधीच लक्षात आले नव्हते. पुरावा गोळा करणाऱ्याच्या शब्दावर खेळ पूर्ण विश्वास ठेवतो, आणि फ्रेझ्नोच्या प्रतिसादातला आक्षेपही तिथेच येऊन मिळतो असे मला वाटते. तिसऱ्या भागात खात्यातल्याच माणसावर संशय घ्यावा लागतो. तो भाग आपण जरूर खेळावा, आपले मत वाचायला आवडेल.

ठाण्याहून

थोडक्यात लिहितो. तिसऱ्या भागाचे संगीत यान हॅमर यांचे आहे, आणि सनीची पत्नी मेरी हिच्यावर हल्ला झाल्यानंतर रुग्णालयातल्या दृश्यांना त्याने फार वजन येते. ज्यांच्याकडे जुन्या प्रती आहेत, त्यांना स्कमव्हीएम या मोफत प्रणालीवर हे साहसखेळ आजच्या संगणकावर खेळता येतील. पुस्तिका आधी वाचावी. दुसऱ्या भागात पिस्तुलाची माशी जुळवण्यासाठी चांदमारीच्या मैदानावर जायला विसरू नये, कारण ती जुळलेली नसेल तर पुढे ऐन चकमकीत नेम चुकतो आणि तोवर जुना सेव्ह, म्हणजे खेळ जतन केलेली जागा, फारच मागे राहिलेला असतो.